मनगट धरणारी

माझ्या नातीचा उजवा हात काही दिवस माझा होता. हे मी लाडानं बोलत नाही. खरोखरच माझा होता, आणि तो तसा झाला तो माझ्या अतिशहाणपणानं. ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली तर चार शब्द माझ्या विरुद्ध जास्तीचे घालील, म्हणून मीच सांगते.

मी ठकूबाई उगले, राहणार सिन्नर. तिसरीतून शाळा सुटली आणि विड्यांचं सूप मांडीवर आलं. पस्तीस वर्षं विड्या वळल्या. आता कारखाने बंद पडूनही दहा वर्षं झाली, पण जुन्या बायकांना विचारा. चेकरनं माझ्या सुपातली विडी छाट, म्हणजे नापास, म्हणून बाजूला टाकली असं एकदाच झालं. त्याला मी कारखान्याच्या दारात थांबवला आणि विचारलं, "ह्यात वाईट काय आहे ते दाखव." दाखवता आलं नाही. विडी परत सुपात आली.

तर असा हात. ह्या हातानंच मी त्रिशाला दहा वर्षांची केली.

त्रिशा म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. जन्मली तेव्हा पाठीच्या कण्यात खाली फट होती. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पायात पट्टे घालून चालते, जिभेनं तर पळते. पण त्या फटीपाशी ज्या नसा दुखावल्या त्यांचं काम गेलं. लघवीची पिशवी भरली तरी तिला कळत नाही, आणि भरलेली पिशवी आपण होऊन रिकामी होत नाही. मग लघवी उलटी वर चढते आणि मूत्रपिंडं नासवते. म्हणून दर चार तासांनी बारीक नळी घालून पिशवी रिकामी करायची. जन्मभर. मला तीन मिनिटं लागायची. सून म्हणजे पल्लवी, तिला मी हे कधी करू दिलं नाही. तिचा हात थरथरतो म्हणून, असं मी सगळ्यांना सांगायचे.

नाशिकच्या दवाखान्यातल्या फरीदा सिस्टर मुलांना हे काम शिकवतात. त्या एक दिवस म्हणाल्या, "आजी, तुमचा हात उत्तम आहे. पण जूनमध्ये ही पाचवीला मोठ्या शाळेत जाणार. दहा ते पाच. तिथं तुमचा हात कसा जाणार?"

"मी जाईन की दारात बसायला."

"बसू देणार नाहीत. आणि हिनंही तुम्हाला कुठवर दारात बसवायचं? लग्नात?"

मला ते लागलं, पण खोटं नव्हतं.

आधी त्यांनी नेहमीच्या रीतीनं शिकवलं. साबणानं हात, रबरी बाहुली, आरसा, नळी. त्रिशा घाबरायची. हात मध्येच टाकायची आणि म्हणायची, "आजी, तूच कर." दोन महिने गेले. मग सिस्टरनं एक डबा उघडला. त्यात कांद्याच्या पातीसारख्या पातळ दोन बाह्या होत्या, कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत येणाऱ्या.

त्यांनी मला समजेल असं सांगितलं, तसं सांगते. बोट हलवायचं म्हटलं की मेंदूतून हुकूम सुटतो. विजेच्या बारीक झटक्यासारखा तो दंडातून खाली येतो आणि कोपराखालचे स्नायू ताणतात. आपल्याला बोटं हलताना दिसतात, पण खरं काम कोपराच्या खाली चालतं. हे मला लगेच पटलं. दिवसभर विड्या वळल्या की बोटं दुखायची नाहीत, तिथंच दुखायचं. तर पहिली बाही ज्याला काम येतं त्याच्या हातावर घालायची. ती ते झटके टिपते. दुसरी बाही शिकणाऱ्याच्या हातावर. ती तेच झटके त्याच क्रमानं त्याच्या स्नायूंना देते, मुंगीनं चालावं इतके हलके. त्याचा हात हलतो. हात हलला की त्याची खबर उलट मेंदूला जाते. चाळीस दिवस अशी खबर जात राहिली की मेंदूला वाटायला लागतं, हुकूम आपणच दिला होता. मग बाही काढली तरी हात चालतो.

"म्हणजे मेंदूला फसवायचं," मी म्हणाले.

"शिकणं म्हणजे दुसरं काय असतं, आजी?" सिस्टर म्हणाल्या. "फक्त एक ध्यानात ठेवा. तुमची बाही नळीच्या वेळीच घालायची, काम झालं की काढायची. पंधरा दिवस."

इथं मी माती खाल्ली.

मला वाटलं, तीन-तीन मिनिटांत माझ्या हाताची काय ओळख होणार? हात दाखवायचा तर पुरता दाखवावा. मी ती बाही काढलीच नाही. भाकऱ्या थापल्या तिच्यासकट, धुणं धुतलं तिच्यासकट, झोपलेसुद्धा. माळ्यावरचं सूप खाली काढलं, टेंभुर्णीच्या पानांऐवजी पळसाची पानं भिजवून कापली, तंबाखूऐवजी वाळला पाला भरला आणि शंभरभर विड्या वळून दाखवल्या. यंत्राला कळू दे, गाठ कुणाशी आहे.

पल्लवी म्हणाली, "आत्या, सिस्टरनी काढून ठेवायला सांगितलीय ना?"

"हात माझा की सिस्टरचा?"

"हात तुमचा, पण पोरगी माझी आहे."

"पोरगी तुझी, आणि नळी कोण घालतं?"

ह्या वाक्यावर ती नेहमी गप्प बसायची. म्हणून मी ते जपून वापरत असे.

माझ्या बाहीतलं सगळं आपोआप दुसरीत उतरलं, आणि चाळीस दिवस त्रिशानं ती घातली. पहिले आठ-दहा दिवस तिचा हात कुणी दोरीनं ओढल्यासारखा हलायचा. मग सैल झाला. एका सकाळी मी बघितलं, तिनं नळी अंगठ्यावर टेकवली आणि पहिल्या बोटानं अर्धा वळसा दिला. ही विडीची खोड. माझी. दहा वर्षांच्या कोवळ्या हातावर ती बघून माझ्या अंगावर काटा आला, पण छाती फुगली हेही खरं.

एक्केचाळिसाव्या दिवशी उघड्या हातानं, तीन मिनिटांत. बाहेर येऊन ओरडली, "आजी, मी केलं!"

"तू कुठं? मी केलं," असं म्हणून मी हसले.

ती हसली नाही. हाताकडं बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात शाळेतून बाईंचा फोन. "त्रिशा तासाला पेन्सिलीची सालपटं कागदात गुंडाळून विड्या वळते."

"एकसारख्या होतात का?"

"काय म्हणालात?"

"विचारलं, सगळ्या एकसारख्या होतात का?"

बाईंनी फोन ठेवला. मी दिवसभर हसत होते. दुसऱ्या दिवशी हसू गेलं. आमच्या पडवीत माझ्या सासऱ्यांचा फोटो आहे. त्याच्यासमोरून जाताना अजूनही माझा पदर डोक्यावर जातो. त्रिशा फ्रॉकमध्ये तिथून चालली होती, तोंडात चिक्की. तिचा उजवा हात वर गेला आणि नसलेला पदर ओढून पुढं घेतला. तिला पत्ताही नव्हता. पल्लवीच्या हातातली परात खाली पडली.

"आत्या," ती एवढंच म्हणाली.

"बघून शिकली असेल," मी म्हणाले.

मग ती रविवारची दुपार. जेवणं झाली होती. त्रिशा चटईवर पडली होती, शेजारी गोधडीची वळकटी. माझा डोळा लागत होता, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "आजी, बघ. परत करतोय."

ती आपल्या हाताकडं बघत होती, मांजर काय करतंय ते बघावं तशी. हात त्या वळकटीवर होता. तळहाताची कड मध्यावर टेकली. हलक्या दाबानं खाली सरकली. थांबली. दोन बोटांनी चाचपलं. पुन्हा दाब, पुन्हा खाली.

"हे कुठलं काम आहे गं? भाकरीचं नाही, धुण्याचं नाही, विडीचं नाही."

मी कोपरावर रेलून बघितलं.

"आणि आता बघ." हात निम्म्यावर गेला आणि झटका बसून थांबला. मनगट वर वळलं. बोटं उघडली, थोडी ओढ घेतली आणि लुळी पडली. "इथं कुणीतरी माझं मनगट धरतं. रोज. आधी मला वाटलं, तूच धरतेस."

"मी कशाला धरू?"

"तुझा हात नाहीच तो. तुझा गरम असतो. तो गार आहे. ओला."

मी उठून बसले. "कणीक मळतेय ती. झोप गप."

खोटं बोलले. त्या खोट्याची शिक्षा मला व्हायला हवी होती, झाली पोरीला.

काही दिवसांनी न्हाणीतून हाक आली, "आजी, हात अडला!" जाऊन बघते तर नळी धरलेला हात निम्म्या वाटेवर थांबलेला, मनगट वर वळलेलं, पोरीच्या डोळ्यांत पाणी. मी तिचा हात खाली घेतला. तो इतका ताठ होता की पलीकडून कुणीतरी ओढत होतं असंच वाटलं. उरलेलं काम मी केलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता अडत नाही." तिसऱ्या दिवशीही तेच. शाळेतही करते म्हणाली. तिनं माझ्यासारखंच केलं. घाबरली आणि खोटं बोलली. नळी घालतच नव्हती.

चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. नाशिकला नेलं. लघवीत जंतू झालेले, डाव्या मूत्रपिंडापर्यंत पोचलेले. हाताला सलाईन लागली.

फरीदा सिस्टर बाहीनं टिपलेलं दाखवणारा यंत्राचा पडदा घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. एरवी गोड बोलणारी बाई, त्या दिवशी गोडी नव्हती.

"आजी, दिवसाला पंधरा मिनिटं टिपायची होती. तुमचे चोवीस तास टिपलेले आहेत."

"हो."

"मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले असेन. पल्लवीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

सिस्टरनं पडद्यावर एक रेघ दाखवली. वरखाली होत गेलेली, आणि मध्ये एक उभा सुळका. "ही तुमची दुपारची झोप. रोजची. हात काहीतरी दाबतोय, सावकाश, जपून. आणि इथं हे. एकटं माणूस हात हलवतं तेव्हा असा ताण येत नाही. दुसऱ्या कुणी मनगट धरलं तरच येतो. तुम्ही थोडं ओढलंत, आणि मग सोडून दिलंत."

"ओढलेलं यंत्राला कळतं?"

"ओढलेलंही कळतं आणि सोडलेलंही कळतं."

सिस्टरनं पडदा मांडीवर ठेवला.

"नळीशी ह्याचं काहीतरी नातं असणार," सिस्टर म्हणाल्या, "नाहीतर पोरीच्या मेंदूनं दोन्ही एकाच जागी ठेवलं नसतं. हे काय आहे ते कळल्याशिवाय मला त्याला हात लावता येत नाही. झोपेत तुमचा हात कोण धरतं, आजी?"

त्रिशा जागी होती. पल्लवी होती. मी म्हणाले, "माझी सासू."

मग सांगितलं. मी एकोणीस वर्षांची होते. पहिली मुलगी झाली. तिच्या पाठीवरही तशीच फट होती, वर लिंबाएवढा फुगा. सुईण म्हणाली, चार दिवस. पण पोरगी दूध ओढायची. लघवी मात्र होत नव्हती, पोट फुगायचं. मी एकदा तळहाताच्या कडेनं बेंबीखाली हळूच दाबलं, आणि धार लागली. पोरगी शांत झोपली. मला कुणी शिकवलं नव्हतं, हातालाच कळलं. मग दर थोड्या वेळानं मी तसं करायचे. असे एकोणीस दिवस काढले. बारसं झालं नाही. सासूबाई म्हणाल्या, नाव कशाला ठेवतेस? विसाव्या दिवशी दुपारी मी दाबत होते. त्या भांडी घासून उठून आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "सोड आता. जाऊ दे तिला." संध्याकाळपर्यंत धरून बसल्या.

"त्यांचा हात ओला होता," त्रिशा म्हणाली.

सिस्टरनं चमकून पडद्याकडं बघितलं. "ओलेपणा स्नायूंतून कळत नाही," त्या पुटपुटल्या.

"लोक म्हणतील, सासूनं केलं," मी म्हणाले. "सासू काडीसारखी होती. आणि मी हजार विड्या वळणारी. माझ्या मनगटात जोर होता. मी सोडवून घेऊ शकले असते."

पल्लवीनं त्रिशाच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. मग म्हणाली, "म्हणून तुम्ही मला कधी हात लावू दिला नाहीत?"

"म्हणून."

"दहा वर्षं मला वाटलं, माझ्याच हातात काहीतरी वाईट आहे."

मी त्रिशाच्या सलाईनच्या हातावरची चादर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं स्पष्ट सांगितलं. नळीचं काम आणि ते दाबणं दोरा दोऱ्यात गुंतावा तसं गुंतलंय. काढायचं तर सगळंच काढावं लागेल. बाहीतून उलटे झटके देत माझा हात तिच्या हातातून पुसायचा. मग तिनं स्वतःच्या हातानं पहिल्यापासून शिकायचं. जून हुकेल.

मी विचार करत बसले. त्या बाळाचं माझ्याकडं काही नाही. फोटो नाही, अंगडं नाही, हाक मारायला नाव नाही. जगात एवढी एक हालचाल उरली होती, आणि ती आता दोन हातांत होती. मी मेल्यावरही एका हातात राहिली असती. हा हिशेब मी मनात केला, कबूल करते. तापानं सुकलेली पोर समोर असताना केला.

त्रिशानं विचारलं, "पुसलं की ती मनगट धरणारी जाईल?"

"जाईल," सिस्टर म्हणाल्या.

"आणि बाळ?"

सिस्टर माझ्याकडं बघायला लागल्या. पल्लवीही. सगळ्यांनी माझ्याकडं बघायचं हे मला नेहमी आवडत आलंय. त्या दिवशी आवडलं नाही.

"पुसा," मी म्हणाले.

बारा वेळा बाही घालावी लागली. शेवटच्या खेपेला त्रिशाचा हात चादरीवर पडला होता. त्यानं तळहाताची कड टेकवली, बोटभर खाली सरकला, आणि मग काय करायचं ते विसरल्यासारखा उताणा झाला.

मग शिकणं. काय वर्णू? नळी पेन्सिलीसारखी धरायची. आरसा डाव्या हातात, तो पडायचा. नळ्या वाया जायच्या, फ्रॉक भिजायचे, वीस-वीस मिनिटं आत. मध्येच रडू, मध्येच गाणं. तिनं स्वतःचंच एक काढलं, नळी घालताना मराठी महिने म्हणायचे. भाद्रपदापर्यंत धार लागली पाहिजे, नाहीतर पुन्हा चैत्रापासून. मी बाहेर उभी. माझा हात आपोआप दाराकडं जायचा. पल्लवी म्हणायची, "आत्या, बसा." मी बसायचे. आता त्या दारात बसायचा मान तिचा होता. तिचा हात थरथरत नाही, हेही मला तेव्हाच दिसलं.

जून गेला. जुलैचा पंधरवडा गेला. एका सकाळी आतून कडी लागली. ह्या घरात ती कडी तिनं पहिल्यांदाच लावली. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. भाद्रपद येऊन गेला, गाणं थांबलं. मी पुढं सरकले.

आतून आवाज आला, "आजी, दारातून जा ना. तू उभी असलीस की मला आत कळतं."

मी अंगणात गेले. अकरा मिनिटांनी ती बाहेर आली, हात धुतलेले, चेहरा कोरडा. कुणाला काही न सांगता दप्तर भरायला बसली.

दिवाळीनंतर फरीदा सिस्टर घरी आल्या, तोच डबा घेऊन. त्रिशाची तपासणी झाली, दोन्ही मूत्रपिंडं चांगली होती. मग त्यांनी डबा उघडला. "त्रिशा, तुझा हात आता स्वतःचा आहे. मोठ्या माणसाच्या हातापेक्षा लहान मुलांना लहान मुलाचा हात सोपा पडेल. आमच्याकडं दोनशे मुलं थांबली आहेत. तुझा हात टिपू का? फक्त नळीच्या वेळी."

मला वाटलं, पोरगी फुशारून जाईल. मी असते तर बाही दंडापर्यंत चढवली असती.

त्रिशानं दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसली.

"नको. मी दवाखान्यात येऊन त्यांना करून दाखवीन. बघू देत. पण हे नको."

"का गं? तुझ्या हातात तर काही वाईट नाही."

"माझ्या हातात काय काय आहे, ते मला अजून कुठं माहीत आहे?"

सिस्टरनं डबा मिटला. पल्लवी चहा टाकायला आत गेली. मी माझं उजवं मनगट डाव्या हातात धरून बघितलं. ते गार होतं, आत्ताच कुणी ओल्या हातानं धरून सोडल्यासारखं.